दीर्घ आजार आणि उतारवयातील नैराश्य

उतारवयातील नैराश्य बऱ्याचदा उदासपणाच्या रूपात दिसतच नाही. अंगदुखी, बद्धकोष्ठता, पहाटेच मोडणारी झोप, अन्नावरची वासना उडणे, चिडचिड, विसराळूपणा अशा तक्रारी पुढे येतात आणि ‘वयच झालं आता’ म्हणून घरचे त्या सोडून देतात. जोडीला मधुमेह, हृदयविकार किंवा पार्किन्सन असेल तर थकवा नेमका कशाचा हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येत नाही. म्हणूनच वृद्धांसाठी तयार केलेल्या ‘जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केल’च्या १५ प्रश्नी आवृत्तीत शारीरिक लक्षणांवर भर नसतो, रुची, आशा यांसारख्या गोष्टींबद्दल ‘हो-नाही’ उत्तरे घेतली जातात. थायरॉईड आणि बी-१२ची तपासणीही करावी लागते, कारण त्यांच्या कमतरतेचे चित्र नैराश्यासारखेच दिसते.

मन खचले की गोळ्या चुकतात, चालणे थांबते, साखर वाढते. वाढलेली साखर मनाला आणखी खाली ओढते. त्यामुळे दोन्हींवर एकत्र उपचार हवेत. नैराश्यावरची औषधे वृद्धांना कमी मात्रेने सुरू करतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात अनेकजण कंटाळून औषध परस्पर बंद करतात. यातील काही औषधांनी रक्तातील सोडियम घटते, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास. समुपदेशनात रोजची लहान, जमण्याजोगी कामे ठरवून दिली जातात. मरणाचे विचार बोलून दाखवले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.