भीतीवरही उपचार असतात

कॅन्सरच्या रोग्याला भेटायला जाणारा माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो, ‘धीर सोडू नका.’ वाक्य भलं आहे, पण त्यानं रोग्याचं तोंड बंद होतं. धीर सुटलाय, हे त्यानं मग सांगायचं कुणाला?

माझ्या मावशीला आजारापेक्षा उपचारांची धास्ती जास्त होती. केमोथेरपीच्या तिसऱ्या डोसनंतर रुग्णालयाच्या जिन्यात स्पिरिटचा वास आला, की तिला उमासे येत. सुई अजून टोचलेलीही नसे. ‘मनाचे खेळ,’ असं नातेवाईक म्हणत आणि ती म्हणे, ‘आता पुरे, मला परत नेऊ नका.’

हे खेळ नव्हेत. पावलॉव्हचा कुत्रा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. अन्नाच्या खुणेची सवय झाली, की नुसत्या खुणेनंही त्याच्या तोंडाला पाणी सुटे. इथं औषधानं होणारी मळमळ आणि तो वास यांची शरीरानं गाठ मारलेली असते. एकदा ती बसली, की मळमळीच्या नेहमीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. म्हणून पहिल्या डोसपासूनच मळमळ आटोक्यात ठेवणं उत्तम.

बसलेली गाठ सोडवताही येते. मावशीला एका समुपदेशक बाईंनी एकेक स्नायू ताणून सैल सोडायला आणि संथ श्वास घ्यायला शिकवलं. अंग सैल झालं, की रुग्णालयाचा रस्ता, जिना, खुर्ची असं एकेक डोळ्यांपुढे आणायचं; जीव घाबरला, तर एक पायरी मागं यायचं. उमासे पुरते थांबले नाहीत, पण उपचार सोडायची भाषा थांबली. तिनं सगळे डोस पुरे केले.

रेडिएशनचंही तसंच. डोकं-मानेच्या उपचारात चेहऱ्यावर घट्ट जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला अडकवतात. काहींना त्यात कोंडल्यासारखं होतं. तो आधी हातात घेऊ दिला, ‘कॅमेऱ्यातून आम्ही पाहतोय, हात वर केलात की यंत्र थांबवू,’ एवढं सांगितलं, तरी पुष्कळ भीती उतरते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ साली कॅन्सर रोग्यांसाठी मानसोपचाराचा विभाग उभा केला. ताप मोजावा तसा मनाचा त्रासही शून्य ते दहा या पट्टीवर मोजायची पद्धत पुढं रूढ झाली. आकडा चार किंवा त्याहून वर गेला, की अधिक चौकशी करायची. आपल्याकडेही परळच्या टाटा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची मदत मिळते.

अडचण आहे ती विचारण्याची. मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे वेड लागलं, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. तेव्हा पुढच्या वेळी रोग्याजवळ बसाल, तर ‘घाबरू नका’ म्हणण्याऐवजी ‘नेमकी कशाची भीती वाटते?’ असं विचारा. उत्तर सुईचं असेल, यंत्राचं असेल, नाहीतर केस गळण्याचं. ते कागदावर लिहून घ्या आणि रिपोर्टांच्या फायलीत वरच ठेवा. डॉक्टरांना तेही दाखवायचं आहे.