रस्त्यावर चालणाऱ्या ड्रॅग मोटारीचे मागचे सस्पेन्शन

सरळ मार्गावरील अल्प अंतराच्या शर्यतीत उतरणारी, परंतु नोंदणीकृत असून एरवी सार्वजनिक रस्त्यावरही चालवली जाणारी मोटारगाडी म्हणजे रस्त्यावर चालणारी ड्रॅग मोटार होय. अशा गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये केल्या जाणाऱ्या सुधारणांचा हेतू दुहेरी असतो. सुटण्याच्या क्षणी मागच्या टायरांची पकड टिकली पाहिजे आणि त्याच गाडीने परतीच्या रस्त्यावर वळणे, खड्डे व अचानक लावावे लागणारे ब्रेक सुरक्षितपणे सोसले पाहिजेत. हे दोन हेतू अनेकदा परस्परविरोधी ठरतात. त्यामुळे सुधारणेची निवड भागांच्या किमतीवरून न करता गाडीच्या मूळ रचनेवरून व तिच्या वापरावरून करावी लागते.

पार्श्वभूमी

ड्रॅग शर्यतीला संघटित स्वरूप अमेरिकेत मिळाले. इ.स. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी कॅलिफोर्नियात नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या संस्थेची स्थापना केली. शर्यतीचे प्रचलित अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असून अनेक ठिकाणी त्याच्या निम्म्या अंतराच्याही शर्यती होतात. पहिल्या ६० फुटांना, म्हणजे १८.३ मीटरना, लागणारा वेळ स्वतंत्रपणे मोजला जातो. मागचे सस्पेन्शन व टायर कसे काम करत आहेत, हे ओळखण्याचे ते सर्वांत उपयुक्त माप मानले जाते.

या प्रकारात प्रामुख्याने अमेरिकन बनावटीच्या, पुढे इंजिन व मागच्या चाकांना गती असलेल्या गाड्या दिसतात. शेव्हरोले कॅमॅरो, शेव्हरोले शेव्हेल, फोर्ड मस्टँग ही त्यांतील परिचित नावे. यांपैकी बहुतेक जुन्या गाड्यांचा मागचा ॲक्सल अखंड असतो, म्हणजे दोन्ही चाके व डिफरन्शियल एकाच दृढ घरात बसवलेली असतात.

भाराचे स्थलांतर

एसटी बस झटक्याने सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो. गाडीचा भारही त्याच कारणाने पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. या स्थलांतराचे परिमाण तीन गोष्टींवर अवलंबून असते: गाडीचे त्वरण, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलमधील अंतर.

उदाहरणादाखल १,५०० किलो वजनाची गाडी घेऊ. तिचा गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर, ॲक्सलमधील अंतर २.७ मीटर आणि स्थिर अवस्थेत मागच्या चाकांवरील भार ४५ टक्के, म्हणजे ६७५ किलो आहे असे मानू. टायरचा घर्षणांक १.० असल्यास ही गाडी जास्तीत जास्त सुमारे ०.५५ जी इतके त्वरण घेऊ शकते. त्या वेळी सुमारे १५३ किलो भार मागे सरकतो. ड्रॅग शर्यतीसाठीच्या मऊ टायरांमुळे घर्षणांक १.४ झाला, तर त्वरण सुमारे ०.८५ जी होते आणि २३६ किलो भार मागे जातो. त्वरण सर्व वेळ समान राहते असे धरल्यास पहिल्या ६० फुटांना पहिल्या स्थितीत सुमारे २.६ सेकंद, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे २.१ सेकंद लागतील. सस्पेन्शनच्या एकाही भागाला हात न लावता केवळ टायरमुळे पडणारा हा फरक आहे.

यावरून एका प्रचलित गैरसमजाचे निराकरण होते. मऊ स्प्रिंगांमुळे गाडी मागे बसली की अधिक भार मागे जातो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मागे बसणे हा स्थलांतराचा दृश्य परिणाम असतो, त्याचे कारण नव्हे. गुरुत्वमध्याच्या उंचीत होणारा थोडा बदल वगळता एकूण स्थलांतर सस्पेन्शनमुळे बदलत नाही. तो भार टायरपर्यंत किती लवकर, कोणत्या मार्गाने आणि किती स्थिरपणे पोचतो, हे मात्र सस्पेन्शन ठरवते.

तात्क्षणिक केंद्र आणि बसण्याला विरोध

ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या वरच्या व खालच्या आर्मच्या रेषा बाजूने पाहताना पुढे वाढवल्या, तर त्या एका बिंदूत मिळतात. या बिंदूला तात्क्षणिक केंद्र म्हणतात. चाके गाडीला पुढे ढकलतात, तेव्हा ते बल जणू या बिंदूतून चासीवर कार्य करते. मागचा टायर जमिनीला टेकतो त्या ठिकाणापासून पुढच्या ॲक्सलच्या वर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर असलेल्या बिंदूपर्यंत एक रेषा काढली जाते. अखंड ॲक्सलच्या गाडीत तात्क्षणिक केंद्र या रेषेवर असल्यास गाडी मागे बसत नाही व उचललीही जात नाही. या स्थितीला १०० टक्के अँटी-स्क्वॉट म्हणतात. केंद्र रेषेच्या वर गेल्यास मागचा भाग उचलला जातो आणि ॲक्सल खाली दाबला जातो. ते रेषेच्या खाली असल्यास गाडी मागे बसते.

अँटी-स्क्वॉट वाढवल्यास टायरवर भार चटकन येतो. परंतु तो अतिशय वाढवल्यास टायरला आरंभी जोराचा दाब मिळतो व लगेच तो सुटतो. शिवाय ब्रेक ॲक्सलवरच असल्यामुळे हीच रचना ब्रेक लावताना उलट दिशेने कार्य करते. मागचा ॲक्सल वर ओढला जातो, टायर हलके होतात व चाके उसळू लागतात. शर्यतीच्या पट्टीवर निर्धोक वाटणारी मांडणी ओल्या रस्त्यावर धोकादायक ठरते, ती या कारणाने.

मूळ रचनेनुसार सुधारणा

पाट्यांची रचना: ट्रक व जीपमुळे परिचित असलेले पाटे हे ॲक्सलचा भारही पेलतात आणि त्याला जागेवरही धरतात. जोराने सुटताना ॲक्सलचे नाक वर वळते, पाटे इंग्रजी एस अक्षराप्रमाणे वाकतात आणि सुटून पुन्हा वाकतात. चाक उसळण्याचे हेच कारण होय. १९६७ च्या कॅमॅरोत प्रत्येक बाजूस एकच पान असलेला पाटा होता व चाक उसळण्याची तक्रार प्रसिद्ध होती. १९६८ मध्ये एक शॉक ॲब्झॉर्बर ॲक्सलच्या पुढे व दुसरा मागे बसवण्यात आला आणि अधिक शक्तीच्या गाड्यांना अनेक पानांचे पाटे देण्यात आले. क्रायसलरच्या शर्यतीसाठीच्या पाट्यांत ॲक्सलच्या पुढचा भाग आखूड व ताठ ठेवून हा पीळ रोखला जाई. नंतर बसवता येणारा साधा उपाय म्हणजे ॲक्सलखाली घट्ट बसवलेली व पुढच्या टोकाला रबरी ठोकळा असलेली पट्टी. ॲक्सल वळू लागताच हा ठोकळा पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळ टेकतो. ॲक्सलच्या वळण्याचे रूपांतर पाट्याच्या पुढच्या भागावरील दाबात करणाऱ्या, सांधे असलेल्या पट्ट्या अधिक परिणामकारक असतात व रस्त्यावरील चालीत फारसा अडथळा आणत नाहीत.

तिरप्या चार आर्मची रचना: १९६४ ते १९७२ या काळातील शेव्हेल आणि १९७९ ते १९९३ या काळातील मस्टँग यांत कॉइल स्प्रिंगांसह चार आर्म असतात. वरचे दोन आर्म तिरपे असल्याने तेच ॲक्सलला आडवे सरकू देत नाहीत. गाडी वळणावर कलते तेव्हा ही रचना स्वभावतःच अडते आणि रबरी बुश दबल्यामुळेच ती मोकळी राहते. म्हणून वरच्या आर्मच्या दोन्ही टोकांना कठीण पॉलियुरेथेनचे बुश बसवणे ही गंभीर चूक ठरते. सरळ मार्गावर तिचा त्रास जाणवत नाही, पण वळणावर मागचा भाग अकस्मात निसटू शकतो. खालचे आर्म मजबूत नळीचे घेणे आणि वरच्या टोकांना मऊ बुश किंवा गोलाकार सांधे ठेवणे हा सुरक्षित मार्ग होय. गाडीची उंची कमी केल्यास खालच्या आर्मचा उतार बदलून अँटी-स्क्वॉट घटतो. अशा वेळी ॲक्सलवरील जोडबिंदू खाली नेणाऱ्या कंसांचा उपयोग होतो.

टॉर्क आर्मची रचना: १९८२ ते २००२ या काळातील कॅमॅरोमध्ये ॲक्सलचा पीळ एक लांब आर्म पुढे नेऊन रोखतो. मूळ आर्मचे पुढचे टोक गिअरबॉक्सच्या मागच्या भागाला जोडलेले असते. शक्ती वाढवल्यावर ते चासीच्या आडव्या तुळईला जोडणे हितावह असते.

शिडीसारखे आर्म व छिद्रांच्या ओळी असलेली समांतर चार आर्मची रचना: या पूर्णतः शर्यतीच्या पद्धती होत. त्या बसवण्यासाठी बहुधा गाडीचा तळ कापावा लागतो. शिडीसारखे आर्म वळणावर अडतात, म्हणून नित्य रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते अनुरूप नसतात.

उजव्या टायरचा प्रश्न

प्रॉपेलर शाफ्टचा टॉर्क अखंड ॲक्सलला फिरवू पाहतो. मागून पाहिल्यास डावा टायर दाबला जातो व उजवा हलका होतो. इंजिनचा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर व पहिल्या गिअरचे प्रमाण ३ असल्यास शाफ्टवर १,५०० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. दोन्ही चाकांतील अंतर १.५ मीटर असल्यास हा टॉर्क एका चाकावरून सुमारे १०० किलो भार दुसऱ्या चाकावर नेऊ पाहतो. त्याच वेळी गाडीचा सांगाडा उजवीकडे कलतो व मागच्या उजव्या स्प्रिंगमार्गे त्यातील काही भार परत देतो. कलण्याला मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जितकी अधिक विरोध करील, तितका भार दोन्ही टायरांवर समान होतो. उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालणे, मागे जाड अँटी-रोल बार बसवणे आणि बॅटरी मागे उजवीकडे हलवणे यांमागील तत्त्व हेच आहे. बॅटरी हलवल्यास ती तोडणारा बाहेरील स्विच शर्यतीच्या नियमांनुसार आवश्यक असतो.

पुढचा अँटी-रोल बार सोडल्यानेही सुटण्यास मदत होते. परंतु मागे ताठ व पुढे सैल असलेली गाडी वळणावर मागून निसटते. म्हणून पट्टीवर सोडलेला बार घरी निघण्यापूर्वी पुन्हा जोडणे अनिवार्य समजले जाते.

शॉक ॲब्झॉर्बर

स्प्रिंग भार पेलते, तर शॉक ॲब्झॉर्बर हालचालीचा वेग आवरतो. अँटी-स्क्वॉट जास्त असलेल्या गाडीत मागचे शॉक उघडताना फार सैल असल्यास टायर प्रथम जोराने दाबला जाऊन मग उसळतो. उघडण्याचा विरोध वाढवल्यास दाब सावकाश येतो व अधिक काळ टिकतो. पुढे सहज उघडणारे व सावकाश मिटणारे शॉक पुढचा भाग उचलू देतात, पण रस्त्यावर ते गाडीला तरंगती चाल देतात. त्यामुळे उघडणे व मिटणे स्वतंत्रपणे जुळवता येणारे शॉक दुहेरी वापराच्या गाडीसाठी सर्वांत उपयुक्त खर्च मानले जातात. पट्टीवरील व रस्त्यावरील जुळवणीचे आकडे वहीत नोंदवून ठेवावे लागतात.

निवडीचा क्रम

प्रथम जुने बुश, गळके शॉक, जोडबिंदूंजवळील चिरा व सैल बोल्ट तपासले जातात, कारण झिजलेल्या भागांवर केलेली सुधारणा व्यर्थ जाते. त्यानंतर टायर व त्यांतील हवेचा दाब निश्चित होतो. तिसऱ्या टप्प्यात चाक उसळणे थांबवणारे आर्म किंवा पट्ट्या, चौथ्यात शॉक आणि पाचव्यात अँटी-रोल बार किंवा हवेची पिशवी येते. स्प्रिंग बदलण्याचा विचार शेवटी केला जातो. एका वेळी एकच बदल करून ६० फुटांचा वेळ नोंदवल्यास कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला, हे समजते.

डिफरन्शियलचे नाक भाराखाली वर वळते, म्हणून स्थिर अवस्थेत ते काही अंश खाली झुकवून ठेवतात. हा कोन पाट्यांच्या रचनेत अधिक व आर्मच्या रचनेत कमी ठेवला जातो.

पकड वाढली की तुटण्याची जागा बदलते. पूर्वी टायर घसरून वाया जाणारे बल आता ॲक्सल शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट व डिफरन्शियलच्या दात्यांवर येते. पुढचा जॉइंट तुटल्यास शाफ्ट जमिनीत रुतू नये, यासाठी त्याभोवती पोलादी कडे बसवले जाते. सस्पेन्शनच्या अंदाजपत्रकात या कड्याचा खर्च आरंभीच धरावा लागतो.

भारतातील संदर्भ

भारतीय रस्त्यांवरील बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके गाडी ओढतात. अशा गाडीत मागे सरकणारा भार पकड कमी करतो, त्यामुळे वरील उपाय तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीविना शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार अपराध आहे. त्याच अधिनियमाचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालते.

हे सुद्धा पहा

ड्रॅग शर्यत
गुरुत्वमध्य
घर्षण