क्लॅरिनेट, क्लावे आणि सोलापुरी कान

क्लॅरिनेट महाराष्ट्रात आधी लष्करी बँडमधून आणि मग लग्नाच्या वरातीतून घराघरांत पोहोचला. सोलापूरच्या श्रोत्याला फुंकवाद्यांची आणखी एक ओळख आहे. पं. सिद्राम जाधव आणि त्यांच्या घराण्याने सुंदरी हे सनईहून लहान वाद्य मैफलीच्या मंचावर नेले. त्यामुळे लॅटिन जॅझमधला क्लॅरिनेट इथल्या कानाला परका वाटत नाही. अडचण येते ती पुढे, तालापाशी.

सुंदरीची नळी सनईसारखी निमुळती असते. फुंकेचा जोर वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ एकाच रुंदीची असते, आणि मुखाच्या बाजूने ती बंद नळीसारखी वागते. अंगठ्याची चावी दाबली की मध्य षड्ज थेट तार पंचमावर उडी घेतो. म्हणून खालचे स्वर गडद आणि पोकळ, तर वरचे धारदार. एकाच नळीत दोन गायक बसवल्यासारखे.

न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७००च्या सुमारास घडवलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकात क्यूबाच्या नाचाच्या वाद्यवृंदांत रुळले होते. १८७९च्या १ जानेवारीला मातान्सास शहरात मिगेल फाइल्दे यांनी पहिला ‘दान्सोन’ सादर केला. असा नाच वाजवणाऱ्या ताफ्यांत व्हायोलिन आणि पितळी वाद्यांच्या जोडीने दोन क्लॅरिनेट असत. न्यू ऑर्लिन्समध्ये सिडनी बेशे आणि बार्नी बिगार्ड या जॅझवादकांना क्लॅरिनेट शिकवणाऱ्या टिओ कुटुंबाच्या आधीच्या पिढीचा जन्मही मेक्सिकोतला. जॅझ आणि लॅटिन संगीत नंतर कधीतरी भेटले, हे म्हणणे म्हणूनच फारसे खरे नाही. हवानाच्या फिलार्मोनिकमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे मारिओ बाउसा १९३०मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि १९४३मध्ये माचितो यांच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी ‘तांगा’ ही रचना बांधली. गंमत अशी की तोवर त्यांनी क्लॅरिनेट बाजूला ठेवून ट्रम्पेट हाती घेतला होता.

या संगीताचा कणा म्हणजे क्लावे, दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच ठोके. केरव्याच्या आठ मात्रा मोजत हातावर टाळी द्यावी: पहिली, अडीचावी, चौथी, सहावी आणि सातवी मात्रा. हा झाला ‘सोन’ क्लावे. चौथीवरचा ठोका अर्धी मात्रा उशिरा दिला की रुंबाचा क्लावे होतो. तबल्याच्या ठेक्यात सम ही येऊन ठेपण्याची जागा असते. इथे पाच ठोके आवर्तनाला दोन असमान भागांत तोलून धरतात. समेची वाट पाहणारा श्रोता म्हणून सुरुवातीला थोडा चुकतो.

पण मराठी कानावर लॅटिन संगीताचे हे वळण आधीच पडून गेले आहे. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी ‘समाधी’मधल्या (१९५०) ‘गोरे गोरे’साठी कार्मेन मिरांडाने गायलेल्या ‘चिको चिको’ची चाल उचलली. पुढच्याच वर्षी भगवानदादांच्या ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’साठी बाँगो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ओबो आणि क्लॅरिनेट असा मेळ त्यांनी जमवला. त्यांच्या वाद्यवृंदात अळदोणे (गोवा) इथले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, होते. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचू शकणारे गोव्याचे वादक नसते, तर हा प्रयोग कागदावरच राहिला असता. तिथे क्लॅरिनेट मात्र घोळक्यातला एक आहे.

तो एकटा पुढे आल्यावर काय होते, ते क्लॅरिनेटवादक अनात कोहेन यांच्या ‘औत्रा कोइझा’ (२०१७) या अल्बममध्ये कळते. ब्राझीलचे मोआसिर सांतोस (१९२६–२००६) यांच्या रचना इथे फक्त क्लॅरिनेट आणि मार्सेलो गोन्साल्विस यांची सात तारांची गिटार वाजवतात. ढोल नाही, डफ नाही. हा ताल ब्राझीलचा असल्याने क्यूबाचा क्लावे इथे शोधू नये. सुंदरी ऐकून घडलेला कान साहजिकच क्लॅरिनेटच्या चालीमागे जातो आणि निम्मे संगीत हातचे सुटते. दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष गिटारच्या सर्वांत जाड तारेवर ठेवावे. खर्जाची ती वाट चालत राहते, आणि कोहेन तिच्या किंचित पुढे-मागे स्वर टाकतात. लय तिथे घडते. त्यानंतर सांतोस यांचा स्वतःचा ‘कोइझास’ (१९६५) ऐकावा. कोहेन यांनी वाजवलेल्या काही रचना तिथे पितळी वाद्यांच्या आणि तालवाद्यांच्या भरगच्च ताफ्यात भेटतात.