साडेसहाशे अंशांचा डबा

रेडिएटरवरचा लेख आजही नाही. मागच्या वेळी कबूल केला होता खरा, पण मध्येच नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांचा पेंटर पंधरवड्यात गन हातात घेणार आहे. रेडिएटर थांबू शकतो, पेंटर थांबत नाही.

गाडी त्यांच्या वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. इंजिन उतरवून कामाला गेलंय आणि बॉनेटखाली नुसता पत्रा उरलाय. पेंटरचं म्हणणं असं की आतून सगळीकडे 'हीटप्रूफ'च मारून टाकू. डब्यावर ६५० अंश सेल्सिअस छापलंय. वाचक विचारतात, इंजिनाशेजारचा पत्रा तापणारच, मग सगळ्यात मोठ्या आकड्याचा डबा सगळ्यात टिकाऊ नाही का?

नाही. आणि का नाही, हे सांगायला मला अख्खा लेख लागणार आहे.

आधी पत्रा तापतो किती ते बघू. माझ्या मॉरिस मायनरचा थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडतो. ब्लॉकमधलं पाणी त्याच्या आसपासच खेळत राहतं, आणि ते उकळायला लागलं तर रंगापेक्षा मोठी काळजी तुमच्यासमोर असते. गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो, उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि काही मिनिटं पत्रा उलट जास्त तापतो. तरीही आतल्या मडगार्डावर हात ठेवून चटकन काढून घ्यावा, इतपतच. शेकड्यांत तापमान जातं ते फक्त एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं आणि त्याच्या पाइपाचं. साडेसहाशेचा डबा जन्मला तो त्या दोघांसाठी.

या डब्यातला रंग सिलिकॉन रेझिनचा असतो. वरून तो तासाभरात सुकल्यासारखा दिसतो, पण पक्का होतो तो भाजल्यावर. त्यासाठी साधारण दोनशे अंशांच्या घरात तापवावं लागतं. मॅनिफोल्डवर हे काम इंजिन आपसूक करतं. मडगार्डाच्या पत्र्याला ते तापमान आयुष्यात भेटत नाही, म्हणून तिथला रंग कच्चाच राहतो. पेट्रोलचा बोळा फिरवला की बोळ्याला लागून येतो.

बॉनेटखाली रंगाचे खरे वैरी पातळ असतात. मायनरची बॅटरी फायरवॉलपाशी, इंजिनाच्या मागे एका ट्रेवर बसते, आणि कुठलीही जुनी मायनर बघा, गंज तिथे आधी सापडेल, कारण ॲसिडचा ओघळ. शिवाय मॅनिफोल्डच्या वरच एसयू कार्बोरेटर. तो ओसंडला की पेट्रोल. ऑइल तर सर्वत्र, पण ते बिचारं रंगाचं फारसं वाईट करत नाही, उलट पत्रा वाचवतं. सगळ्यात दुष्ट ब्रेक ऑइल. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल इथरची असतात आणि साध्या रंगाला ती रिमूव्हरसारखी सोलतात. मायनरमध्ये मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीत दडवलेला असल्यामुळे बॉनेटखालचं संकट टळतं. एमजीबीवाल्यांचं नशीब तसं नाही. त्यांच्या पेडल बॉक्सवरचा रंग सोललेला नसेल, तर गाडी नुकतीच रंगवली आहे असं खुशाल समजा.

ब्रेकवरून आठवलं. ब्रेक दुरुस्त केले की मी मायनर ग्रोव्ह हिलवरून हळूच उतरवून बघतो. हॅरो-ऑन-द-हिलच्या या उतारावर २५ फेब्रुवारी १८९९ ला एका डेमलरचं मागचं चाक ब्रेक लावल्यावर मोडलं आणि चालक एडविन सेवेल जागीच गेला. ब्रिटनमध्ये मोटार चालवणाऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्याची ही पहिली नोंद. तिथे तशी पाटी आहे आणि जपून चालवा असा इशाराही आहे. त्या गाडीत ब्रेक ऑइल नव्हतं. हायड्रॉलिक ब्रेक पुढे आले आणि जीव वाचवू लागले, त्या बदल्यात थोडा रंग गेला तर जाऊ द्यावा, असं मला त्या पाटीपाशी नेहमी वाटतं.

आता रंग कोणता, ते. आपल्याकडे गॅरेजात ज्याला ड्यूको म्हणतात तो मुळात नायट्रोसेल्युलोज. ड्यूपाँने तो १९२३ मध्ये बाजारात आणला आणि दिवसचे दिवस सुकत पडणाऱ्या गाड्या तासांत सुकायला लागल्या. तो सुकतो ते फक्त थिनर उडून जाऊन, म्हणून थिनर परत लागला की परत विरघळतो. बाहेरून हा गुणच आहे: ओरखड्यावर मारलेला नवा हात जुन्यात मिसळून जातो. बॉनेटखाली मात्र पेट्रोलपुढे तो मऊ पडतो. सिंथेटिक इनॅमल थोडं बरं, पण त्याला पुरतं कडक व्हायला आठवडे द्यावे लागतात, आणि तेवढा धीर कोणाला असतो?

टू-पॅक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, मात्र हार्डनरशी रासायनिक गाठ बांधून पक्का होतो आणि बरंच काही सोसतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनने उडवलेला त्याचा तुषार फुप्फुसात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि घातक मात्रेचाही नाकाला पत्ता लागत नाही. म्हणून इथले, म्हणजे ब्रिटनचे, नियम बाहेरून ताजी हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय तो मारू देत नाहीत. नाशिककरांनी आपल्या पेंटरच्या तोंडाला नुसता रुमाल दिसला, तर काम तिथेच थांबवावं. यात मी संकोच करणार नाही. हॅरोतल्या माझ्यासारख्याचा तर प्रश्नच मिटतो. १९३० च्या दशकातली जोडघरं, दोन घरांमधून जाणारी सामाईक वाट, तिच्या टोकाला चिंचोळं गॅरेज. आजची गाडी त्यात शिरत नाही, मायनर शिरते, पण तिथे पीयूची गन चालवायची म्हणजे शेजाऱ्यालाही त्यात ओढायचं.

म्हणून माझी निवड एपॉक्सी. मोटारवाले त्याला नुसतं प्रायमर समजून वर दुसरा रंग चढवतात, कारण उन्हात एपॉक्सी खडूसारखं पांढुरकं पडतं. पण बॉनेटखाली ऊन कुठे आहे? बाहेर जो त्याचा एकमेव मोठा दोष, तो आत उरतच नाही. ॲसिडचे शिंतोडे, पेट्रोल, ऑइल यांना ते दाद देत नाही, ब्रेक ऑइललाही साध्या रंगांपेक्षा कितीतरी जास्त वेळ थोपवतं, आणि शंभर अंशांपर्यंत त्याला काही होत नाही. शिवाय ब्रशने लावता येतं. बोटींच्या इंजिनाखाली ऑइल आणि पाणी कायम साचलेलं असतं, तिथली माणसं एपॉक्सीवर कधीपासून भरवसा ठेवून आहेत. ग्रँड युनियन कालव्यावरच्या एका बोटवाल्याने मला हे शिकवलं, कुठल्या मोटार मेकॅनिकने नव्हे.

पथ्यं मात्र आहेत. हातमोजे हवेतच, कारण कच्च्या एपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी जडते. एपॉक्सीखाली ॲसिडचं एचिंग प्रायमर नको. त्यातलं उरलेलं ॲसिड हार्डनरला मारतं. गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिड वापरलं असेल तर तेही स्वच्छ धुऊन, पत्रा कोरडा करून मगच पुढे जायचं. आणि हवामान. दहा अंशांखाली बहुतेक एपॉक्सी सुकणं जवळजवळ थांबवतात, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम नसेल तर रंगाखाली ओल राहते. हॅरोत नोव्हेंबर ते मार्च मी ब्रश उचलतच नाही. नाशिकला ही अडचण फारशी नाही, पावसाळा तेवढा टाळा.

इंजिन ब्लॉकला एपॉक्सी नको, दीडशे अंशांपर्यंतचं साधं इंजिन इनॅमल पुरतं. मायनरच्या ब्लॉकचा हिरवा आणि एमजीबीचा मरून यांच्या नेमक्या छटांवरून इथे माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात, त्यात मी पडत नाही. बॉनेटखालच्या पत्र्याचा रंग मात्र बाहेरच्याच रंगाचा असावा, मायनरमध्ये कारखान्यातून तसाच यायचा. माझी स्मोक ग्रे आहे, आत एपॉक्सीत ती छटा तंतोतंत जुळली नाही आणि मला चालतं. फिकट रंगाचा एक फायदाही आहे: गळती लगेच दिसते.

तेव्हा नाशिककरांसाठी निकाल असा. साडेसहाशेचा डबा परत करू नका, त्यातला छोटा हात मॅनिफोल्डवर मारा, बाकी पत्र्याला टू-पॅक एपॉक्सी. पेंटरला हे पटलं नाही तर उरलेल्या डब्यातून एका टाकाऊ पत्र्यावर मारून दाखवायला सांगा आणि दोन दिवसांनी त्यावर पेट्रोलचा बोळा फिरवा.

रेडिएटर पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर त्याच्या जाळीवर कोणीही ब्रशने काळा ऑइल पेंट थापू नये, एवढी विनंती.