कुत्र्याला घालवून माशी जाते का?

घरातल्या कुत्र्याला काही झालं की शेजारीपाजारी एकच उपाय सुचवतात, “सोडून या कुठेतरी!” हिमाचलात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही तेच ऐकावं लागलं. तिचा मोत्या सारखा डोळा चोळायचा, डोळ्यातून पाणी आणि चिकट घाण यायची. एक दिवस पापणी वर केली, तर आत पांढरा दोरा वळवळत होता! घरात तीन वर्षांची मुलगी. घाबरून तिने मला फोन केला, आणि मी आमच्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं.

ते म्हणाले, हा डोळ्यातला जंत. नाव थेलाझिया कॅलिपेडा, लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. रावळपिंडीच्या कुत्र्यात सापडलेल्या अशा जंतांवरून 1910 साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. हिमाचल, आसामात तो माणसांच्या डोळ्यातही आढळला आहे.

मग मुलीला धोका नाही का? आहे, पण मोत्याला हात लावल्याने किंवा त्याने चाटल्याने नाही. जंताची मादी कुत्र्याच्या अश्रूंत बारीक अळ्या सोडते. पिकलेल्या फळांवरच्या चिलटांच्या कुळातली एक माशी ते अश्रू प्यायला येते. अळी दोन-तीन आठवडे तिच्या पोटात वाढते, आणि माशी दुसऱ्या डोळ्यावर बसली की तिथे उतरते. म्हणजे मधे माशी हवीच. मोत्याला हाकललं तर माशी थोडीच जाणार? उलट उपचाराविना भटकणारं कुत्रं आणखी माश्यांना अळ्या देत राहणार.

मैत्रिणीने त्याला डॉक्टरांकडे नेलं. डोळा बधिर करणारे थेंब घालून त्यांनी चिमट्याने जंत काढले, सलाइनने डोळा धुतला, औषध दिलं. वेळीच गेलं तर डोळा वाचतो. हयगय केली तर बुबुळावर जखम होऊन दृष्टीही जाऊ शकते.

तेव्हा बायांनो, जंत घरी ओढून काढायला जाऊ नका आणि माणसांची औषधंही घालू नका. कुत्र्याचे डोळे स्वच्छ ओल्या कापसाने पुसा, सडकी फळं अंगणात साठू देऊ नका. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर माश्या बसत असतील तर मच्छरदाणी लावा. आणि मूल “डोळ्यात काहीतरी हलतंय” म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.