साहाय्यक कळा आणि देवनागरी अक्षर

संगणकास आज्ञा ओळीत टंकून द्यावयाच्या असता मध्येच एखादा शब्द चुकला, तर सारी ओळ पुसण्याचे कारण नाही. कंट्रोल व आल्ट या दोन साहाय्यक कळा तेथे उपयोगी पडतात. बॅश या आज्ञा-प्रणालीत कंट्रोलसह ‘ए’ दाबल्यास कर्सर ओळीच्या आरंभी जातो, ‘ई’ दाबल्यास शेवटी. आल्टसह ‘बी’ दाबल्यास तो एक शब्द मागे सरतो.

हे घडते कसे? १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतावलीत रोमन मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आहे. कंट्रोल दाबली असता त्यातून ६४ वजा होतात व १ उरतो. हा १ म्हणजे अक्षर नव्हे, तर आज्ञा होय.

आल्टच्या बाबतीत मात्र दोन प्रथा आहेत. एकीत अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवितात. दुसरीत अक्षरापूर्वी एस्केपचा क्रमांक २७ पाठवितात. पहिली आटोपशीर खरी. परंतु यूटीएफ-८ पद्धतीत आपला ‘अ’ २२४, १६४ व १३३ अशा तीन क्रमांकांनी लिहिला जातो. हे तिन्ही १२७ हून मोठे असल्यामुळे पहिल्या प्रथेनुसार चालणारा संगणक त्यांस आल्टच्या तीन आज्ञा समजतो, आणि ‘अ’ उमटतच नाही.

यास्तव ज्यास आज्ञांच्या ओळीत मराठी लिहावयाचे आहे, त्याने आल्टसाठी एस्केपची प्रथा निवडावी. त्यायोगे आज्ञाही चालतात आणि अक्षरही अभंग राहते.