शोभेचे दगड आणि माशांचे आरोग्य

निवृत्तीनंतर घरात माशांची काचेची टाकी आली की दिवसाला एक लय मिळते. सकाळचे खाणे, दिवा लावण्याची वेळ, आठवड्याची स्वच्छता या लहानसहान कामांचा बाहेर जाणे कमी झालेल्या ज्येष्ठांना मोठा आधार वाटतो. म्हणूनच एकामागून एक मासे मरू लागले, तर ते नुकसान केवळ पैशांचे नसते. ‘आता मला एवढेही जमत नाही’ ही खंत आजी-आजोबांच्या मनात घर करते. ‘घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले’ असे म्हणून कोणी समजूतही घालतो. त्याआधी टाकीतले शोभेचे दगड एकदा तपासून पाहावेत.

दगडांचे दोन स्वभाव

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. तेथील काळा पाषाण पाण्याने आणि गोट्यांच्या घर्षणाने झिजला. तो सहजी विरघळत नाही. त्याच तालुक्यातील वडगाव दर्याच्या गुहेत पाण्यात विरघळून आलेला चुना थराथराने साचून लवणस्तंभ तयार झाले आहेत. टाकीत दगड ठेवताना हाच भेद ध्यानात घ्यावा. स्वच्छ काळा पाषाण सहसा निरुपद्रवी असतो. चुनखडी, संगमरवराचे तुकडे, शिंपले आणि प्रवाळ मात्र पाण्यात हळूहळू चुना सोडतात.

माशांच्या श्वसनातून पाण्यात कर्बवायू मिसळतो आणि त्यामुळे चुना विरघळतो. पाण्याचा जडपणा व पीएच वाढतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी विहिरीचे व बोअरचे पाणी मुळातच जड असते. हंड्याला बसणारा पांढरा थर त्याचीच खूण होय. उन्हाळ्यात टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र मागेच राहतात. वरून तसेच जड पाणी ओतत राहिल्यास ते साठत जातात.

खरा धोका अमोनियाचा

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचा काही भागच अतिविषारी रूपात असतो. 25 अंश सेल्सिअस तापमानाला पीएच 7 असताना हा भाग सुमारे अर्धा टक्का असतो. पीएच 8 झाला की तो 5 टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे घाण तेवढीच राहिली, तरी तिचे विष जवळजवळ दसपट होते. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, पर मिटून कोपऱ्यात बसले किंवा दगडाला अंग घासू लागले, तर प्रथम पाणी तपासावे.

घरच्या घरी परीक्षा

दगड धुऊन, कोरडा करून त्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे असे समजावे. संगमरवरासारख्या काही दगडांवर बुडबुडे मंद येतात. म्हणून दोन बरण्यांत सारखेच पाणी घेऊन एकीत दगड ठेवावा. आठवड्याने दोन्हींचा पीएच व जडपणा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या संचाने मोजावा. फरशी धुण्याचे ॲसिड या परीक्षेसाठी कधीही वापरू नये. रंग सुटणारे आणि धातूची चमक असलेले दगडही टाळावेत. तांबे माशांना फार घातक असते.

उपाय सावकाश करावा

दोषी दगड काढावा. परंतु सगळे पाणी एकदम बदलू नये. अचानक झालेला बदल माशांना सोसत नाही. दर आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते आधी घालवावे. केवळ आरओचे पाणी भरू नये. त्यात पीएच स्थिर ठेवणारे क्षार फारसे उरत नाहीत. पाण्याशी झगडण्यापेक्षा पाण्याला साजेसे मासे निवडणे शहाणपणाचे. गप्पी, मॉली यांना जड पाणी मानवते; निऑन टेट्राला मऊ पाणी लागते.

विसरभोळेपणामुळे काही ज्येष्ठ माशांना दोनदा खाणे देतात आणि अमोनिया वाढतो. औषधांसाठी असते तशी सात खणांची वेगळी डबी माशांच्या खाद्यासाठी ठेवावी. कोणी रागावण्याचा प्रश्नच उरत नाही.

स्वतःलाही जपावे

दगड आणि पाण्याच्या बादल्या उचलण्याचे काम घरातील तरुणांनी करावे. टाकीत हात घालण्यापूर्वी विजेची उपकरणे बंद करावीत आणि जमिनीवर सांडलेले पाणी लगेच पुसावे. नळीने पाणी काढताना ते तोंडाने ओढू नये. हाताला जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असल्यास, हातमोजे घालावेत. टाकीच्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मरीनम हा जंतू जखमेतून शिरून बोटावर किंवा हातावर गाठ उठवतो. अशी गाठ काही आठवडे बरी झाली नाही, तर डॉक्टरांना ‘घरी माशांची टाकी आहे’ हे आवर्जून सांगावे. नेमके निदान झाल्यास उपचार आहेत, मात्र ते काही महिने चालतात.

मासे गेले म्हणून टाकी लगेच माळ्यावर टाकू नये. दगड बदलावेत, पाणी मोजावे आणि नव्या माशांची निवड आजी-आजोबांनाच करू द्यावी.